भुंड्या हातांची गोजरा कासारीण

बसा गं बायांनो, पोरांनाही जवळ घ्या. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. ही हकिकत एका वशाची आहे. फार वर्षांपूर्वी बोरतळं गावात गोजरा कासारणीनं तो वसा घेतला, आणि स्वतः कासारीण असून सात वर्षं आपल्या मनगटात एक बांगडी चढू दिली नाही. नवरा हयात, घर नांदतं, टोपलीत बांगड्यांच्या माळाच माळा, आणि हात मात्र भुंडे. का, ते ऐका.

गोजराच्या हाताला गुण होता, पण त्याहून तिच्या जिभेला होता. हात सैल पडला तरच बांगडी पंजावरून सरकते. बायका तर दुखेल म्हणून आधीच मूठ आवळून बसायच्या. मग गोजरा त्यांना बोलण्यात गुंतवायची. "हात असा आखडू नका हो पाटलीणबाई. आखडायचाच तर सासूला तूप वाढताना आखडा!" पाटलीणबाई खुदकन हसायच्या, हसता हसता हात सैल पडायचा, आणि बांगडी मनगटात जाऊन बसलेली असायची. कुणी सासुरवाशीण रडवेली दिसली की गोजरा म्हणायची, "काच दोन असतात, बाई. एक सासूचा काच, एक माझी काच. माझी घे, ती निदान वाजते तरी गोड!" बांगडी फुटली असं आपण बोलत नाही, वाढली म्हणतो. तर गोजराच्या हातून वर्षानुवर्षं एकही बांगडी वाढली नव्हती, असं म्हणतात.

एका संक्रांतीला गणोजीच्या घरी नव्या सुनेचे हात भरायचे होते. सून म्हणजे गणोजीची बायको तुळसा. पोर गुणाची, पण बोलताना अडखळायची. बायकांनी धोशा लावला, "आधी नाव घे, मग हात पुढं कर!" तुळसानं गोजराच्या हातात हात दिला, डोळे मिटले आणि उखाणा सुरू केला. "सुगडात घातली बोरं न् तीळ..." आणि मग नावाशी येऊन थांबली. "ग... ग... ग... गणोजी..."

गोजराची जीभ सवयीनं सुटली. "अगं बया! एका कुंकवाला चार-चार गणोजी? आम्हाला एकच पुरून उरलाय!"

सगळी ओसरी हसली. हसताना सगळ्यांचे हात सैल पडले, फक्त एक हात मिटला, आणि तो गोजराच्या हातात होता. बांगडी वाढली. हिरव्या काचेवर रक्ताचा थेंब आला. तुळसा रडली नाही. पदरानं मनगट पुसून आत गेली, आणि त्या दिवसापासून बोलायचीच थांबली. हो म्हणायचं तर मान हलवी, नाही म्हणायचं तर तेवढंही नाही.

गोजरा त्या रात्री भरल्या ताटावरून उठली. सगळे हसत असताना तिला एकटीलाच तो हात मिटलेला कळला होता. तिनं देवीपाशी दिवा लावला, हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि म्हणाली, "आई, त्या पोरीचा शब्द माझ्यामुळं गेला. तो परत येईपर्यंत माझ्या हातात काकण चढायचं नाही. आणि ज्याचा हात माझ्या हातात, त्याच्यावर मी कोटी करायची नाही."

तिचा नवरा केरबा भाकरी खात होता. तो म्हणाला, "अगं, मी अजून जेवतोय इथं. मला ताटावरूनच पोचवतेस होय?" पण त्यानं तिला अडवलं नाही.

गावानं मात्र तोंड फिरवलं. भुंड्या हाताच्या कासारणीकडून कोण बांगड्या भरून घेणार? टोपलीवर धूळ बसली. तरी दर शुक्रवारी गोजरा टोपली घेऊन तुळसाच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसे आणि स्वतःचीच थट्टा करी. "तुळसा, टोपली भरलेली आणि मी बघ कशी, रिकाम्या हातानं आले गं!" आतून हसू येत नसे. पण उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असे. पुढं पुढं तर गोजरा यायच्या आधीच असे. त्या तांब्यावर तिनं सात वर्षं आशा धरली.

सातव्या वर्षी पौषात केरबा तापानं आडवा झाला. आठ दिवस शुद्ध नव्हती. बायका दारात जमल्या. "गोजरे, पुरे झाला तुझा हट्ट. चार बांगड्या चढव, नाहीतर कुंकू घालवून बसशील!" गोजरानं एक बांगडी उचलली, केरबाकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं, आणि परत ठेवली. "त्या पोरीचं देणं आहे," एवढंच म्हणाली.

विहिरीवर हे तुळसाच्या कानी गेलं. भर दुपारी ती घागर तिथंच ठेवून निघाली. घरून तिनं त्या संक्रांतीची उरलेली एक हिरवी बांगडी घेतली आणि गोजरापुढं येऊन बसली. गोजराचा हात तिनं आपल्या गुडघ्यावर ओढला. बांगडी पंजापर्यंत आली आणि अडली. सात वर्षांची सवय मोडलेली, त्यात काळजीनं मूठ आवळलेली.

"नको गं पोरी, वाढेल ती," गोजरा म्हणाली.

आता काय करायचं असतं, ते तुळसाला ठाऊक होतं. तिनं ओठ उघडले.

"का... का... काच दोन असतात, मावशी."

दारातल्या बायका कान देऊन ऐकू लागल्या. कुणी हसलं नाही, कुणी पुढचा शब्द पुरवला नाही.

"एक सा... सासूचा काच, एक तु... तु... तुझी काच. मी दोन्ही सो... सोसले. आता ही तू सोस!"

गोजरा रडता रडता हसली. आणि बांगडी मनगटात जाऊन बसली.

त्या क्षणी टोपलीतल्या साऱ्या माळा आपोआप किणकिणल्या, आणि तो आवाज नदीपल्याड ऐकू गेला, असं म्हणतात. केरबानं डोळे उघडून विचारलं, "कोण हसलं गं?" ताप पहाटेच उतरला होता, असंही काही जणी सांगतात. असेल. ती एक बांगडी मात्र गोजराच्या हातून मरेपर्यंत वाढली नाही.

अजून बोरतळ्यात लग्नाचा चुडा भरताना पहिली बांगडी नवरी कासारणीच्या हातात घालते. कासारीण पहिली कोटी स्वतःवर करते. आणि उखाणा घेताना नवरी नावाशी अडखळली, तर ती जितक्या वेळा ते नाव घेते तितक्या वेळा साऱ्या बाया तिच्याबरोबर घेतात, चार तर चार, दहा तर दहा, जणू उखाणा तसाच असतो.

गोजराला तिचा वसा फळला, तसा तुम्हा-आम्हालाही फळो. थट्टा करा गं, पोटभर करा, घर हसतं असावं. फक्त आधी बघा, कुणाचा हात आपल्या हातात आहे, आणि तो मिटत तर नाही ना. मिटला, तर त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसा. लागतील तितके शुक्रवार बसा.