सत्काराला उत्तर

दसऱ्याच्या दिवशी वाचनालयाच्या नव्या कॉम्प्युटरची पूजा झाली. अध्यक्ष भाऊसाहेब खर्डेकरांचा शाल आणि झेंडूचा हार देऊन सत्कार झाला. मग भाऊसाहेबांनी तसाच सत्कार कॉम्प्युटरचाही केला. कॉम्प्युटरच्या डब्याला शाल गुंडाळून मागे पक्की गाठ मारली, पुढे भरगच्च हार घातला आणि बटण दाबून भाषण ठोकलं. भाषण संपायच्या आतच कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला.

सगळ्यांच्या नजरा चिटणीस शलाकाकडे वळल्या. मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरे, हा हट्ट तिचाच होता. शरमेने तिला मान वर करवेना. पहिल्या रांगेत तिचे वडील स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

"मी म्हणत होतो, सगळ्यात भारी घ्या!" भाऊसाहेब माईकवरून गरजले. "याचं डोकंच कमी! सांग आता सगळ्यांना, का बंद पडला?"

शलाकाने रडू आवरत डब्याला हात लावला. शाल कढत लागली. गरम हवा बाहेर पडायची जाळी नेमकी त्या गाठीखाली होती.

"भाऊसाहेब, तुमची शाल आणि हार कुठे आहेत?"

"ही काय टेबलावर. एवढ्या उकाड्यात अंगावर कोण ठेवील?"

"भारी घेतला असता तर तो आणखी तापला असता," ती खालमानेनेच म्हणाली. "तुम्ही लगेच काढून ठेवलंत. त्याला हात नाहीत."

माईक ठेवून भाऊसाहेब गाठ सोडवायला वाकले. ती सुटली तरी त्यांना मान वर करवेना.