सुरम्याचे पांढरे केस

फार मागं, माणसं डोंगर उकरायला नुकती लागली होती तेव्हा, एका ओल्या फटीत काळ्या सुरम्याचा एक खडा राहायचा. वारा-पाणी लागून लागून त्याच्या अंगावर पांढऱ्या, चमकदार सुया उगवल्या. असं सहसा कुठं होत नाही.

शेजारची गारगोटी हसली, "सुरम्या, केस पिकले की रे तुझे."

सुरमा लाजला आणि अंग चिखलात घासायला लागला. तशा सुया म्हणाल्या, "हळू, बाबा. आम्ही नखानंसुद्धा खरवडल्या जातो. तुझ्याच अंगातून आलोय ना आम्ही?"

सुरमा थांबला. मग त्यानं त्यांना जपलं.

एक दिवस डोळ्यांत घालायचा सुरमा कुटणारी हमीदाबी आली. काळे खडे वेचून टोपलीत टाकू लागली. खलात गेलेला खडा काही परत येत नाही. तिनं ह्यालाही उचललं. सुया भीतीनं त्याच्या अंगाला बिलगल्या.

हमीदाबीनं त्याला उजेडात धरलं. "हा तर पांढरा पडलाय. डोळ्यांत काय घालणार ह्याचं? राहू दे बापडा." तिनं त्याला अलगद जागेवर ठेवलं आणि ती निघून गेली.

सुरम्यानं मोठा श्वास सोडला.

बऱ्याच वेळानं गारगोटी हळूच म्हणाली, "सुरम्या, माझे केस कधी पिकतील रे?"