सांगणीच्या माळावरचे दगड

आधी त्या बाभळीखाली बसा, पाणी प्या. दगड कुठे पळून जात नाहीत.

हे ओळीनं उभे दिसतात ना, ते एकशे सात आहेत. काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. कुणावर शेंदूर नाही, नाव कोरलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, देव असतील. मग ते नारळ फोडतात, आणि करवंट्या उचलायचं काम आमच्यावर येतं. हे देव नाहीत. ही आमची माणसं आहेत, या वस्तीत जन्मली आणि वारली ती. मी मायाप्पा, वस्तीतला आता सगळ्यांत जुना, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दिवाळी झाली की आमचे वाडे चाऱ्याच्या वाटेला लागतात. वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे हो. चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री आणि संसार लादलेली घोडी असं सगळं मिळून चालतं, त्याला आम्ही वाडा म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच वस्ती इथं जमते. एकेका दगडापाशी थांबायचं, त्या माणसाचं चांगलं सांगायचं, आणि त्याची एक चूकही सांगायची. चूक सांगितल्याशिवाय पुढच्या दगडाकडे पाऊल टाकायचं नाही. याला आम्ही सांगणी म्हणतो. मागे एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, मेलेल्या माणसाचं उणं काढणं बरं दिसत नाही. आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. त्या वाटण्यानं काय झालं ते ऐका.

माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट आहे, असं सांगतात. तेव्हाही दगड होते, पण सांगायचं ते फक्त गुणाचं. दर वर्षी प्रत्येकाच्या गुणात थोडी भर पडायची. ऐकणाऱ्याला वाटावं, या माळावर आळशी, तापट, हट्टी माणूस कधी जन्मलाच नाही. त्यात सगळ्यांत मोठं नाव होतं म्हस्कूचं. म्हस्कू वाड्याचा म्होरक्या होता. एका दुष्काळात सगळीकडचं पाणी आटलं, तेव्हा त्यानं तीन दिवस चालून करंबळीचं तळं शोधलं आणि वाडा वाचवला. त्याच्या दगडापाशी दर वर्षी म्हणायचे, 'म्हस्कू खिंडीतून उतरला, मेंढरं थेट तळ्यावर घातली आणि सगळ्यांना पाणी दाखवलं.' त्याच वाटेवर त्याचा धाकटा भाऊ येसबा तापानं गेला, असं शेजारच्या दगडापाशी सांगायचे. लोक हळहळायचे आणि पुढे सरकायचे.

यातला 'थेट' खोटा होता, आणि ताप खोटा होता. हे डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस जिवंत उरलं होतं, ते म्हणजे म्हस्कूची बायको सगुणा.

खरं काय घडलं ते असं. म्हस्कू, सगुणा आणि येसबा मेंढरं घेऊन पुढे होते, बाकीचा वाडा अर्धा दिवस मागे. खिंड ओलांडली आणि समोर पाणी चकाकलं. येसबा म्हणाला, आधी काठ बघून येतो. म्हस्कूला दम निघेना, त्यानं मेंढरं मोकळी सोडली. खिंडीकडचा काठ वरून वाळलेला दिसत होता, भेगाळलेला, पण तो नुसता पापुद्रा होता. खाली पुरुषभर गाळ होता. पुढची मेंढरं धडाधड रुतली. त्यांना ओढायला येसबा धावला आणि तोही गेला. त्याचं अंगसुद्धा वर आलं नाही, धावताना काठावर पडलेलं घोंगडं तेवढं हाती लागलं. मग उरलेली मेंढरं म्हस्कूनं लांबचा वळसा घालून पलीकडच्या खडकाच्या काठावर नेली. मागचा वाडा पोचला तेव्हा मेंढरं पाणी पीत होती. येसबा तापानं गेला, त्याला पुरलं, असं म्हस्कूनं सांगितलं, आणि म्हस्कू मोठा झाला.

वस्तीवर म्हातारी आई होती, राही नावाची. एका मुलाच्या घाईनं दुसरा मुलगा गेला, हे तिच्या कानावर पडलं तर ती जगायची नाही, असं म्हस्कूनं धरलं. त्यानं सगुणेपुढे भंडारा धरला आणि तिला उचलायला लावला. आण घातली ती एकुलत्या एका पोराच्या, धुळाच्या, जिवाची. बोललीस तर धुळा राहणार नाही. तुम्ही शहरातले, तुम्हाला हळदीची चिमूट वाटेल. आमच्यात उचललेला भंडारा फिरत नाही.

म्हस्कू पुढे वारला, त्याचा दगड बसला. धुळा वाढला, बापाची जागा त्याला मिळाली. पहिल्या दुष्काळानंतर अकराव्या वर्षी दुसरा पडला, पहिल्यापेक्षा वाईट. विहिरी खडखडीत झाल्या. कोकरं उभ्या उभ्या पडू लागली. धुळानं एका सकाळी वाडा उठवला आणि सांगितलं, करंबळीला जायचं.

सगुणा तीन दिवस त्याच्या मागून चालत होती. ती काय विचार करत असेल, याचा मी लहानपणापासून अंदाज करतो आहे. बोलावं तर पोरगा आणेनं जायचा, न बोलावं तर गाळात जायचा. पहिल्या दिवशी तिनं आशा धरली, तळं पार आटलेलं असेल. दुसऱ्या दिवशी समोरून आलेल्या एका वाटसरूनं सांगितलं, मध्यात पाणी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती लेकाजवळ गेली.

"धुळा, खिंडीतनं नगं उतरूया. वरल्या अंगानं वळसा घालू."

"मेंढरांत दम हाय का आये वळसा घालाय? बा थेट उतरला व्हता."

"बाची गोष्ट येगळी."

"काय येगळी?"

सगुणेला पुढे बोलता येईना. धुळाला वाटलं, आई थकली आहे. त्यानं तिला घोड्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

दुपार कलताना वाडा खिंडीच्या तोंडाशी आला. तोवर वारा पाठीमागून होता. खिंडीत शिरताच तो समोरून आला आणि मेंढरांना पाण्याचा वास लागला. तीन दिवस मुंडी खाली घालून चालणारी मेंढरं एकदम ओरडायला लागली. मागची पुढच्यांवर चढू लागली. कुत्र्यांनी दोन्ही बाजू धरल्या, पण ती किती वेळ धरणार? धुळानं मोकळं सोडायला हात वर केला, तशी सगुणा धावत पुढे गेली आणि हातातली काठी आडवी धरून खिंडीच्या तोंडात उभी राहिली.

"सोडू नगंस. तुझा चुलता तापानं न्हाई मेला. ह्या गाळात मेला. तुझ्या बानं मेंढरं अशीच सोडली व्हती."

भंडारा मोडला. ती तळ्याकडे नाही, धुळाकडे बघत होती असं सांगतात, तो आत्ता कोसळतो की मग.

धुळा कोसळला नाही, तो संतापला. "आये, मेलेल्या मानसावर बोलतीस? सोताच्या नवऱ्यावर?" मागून कुणी म्हणालं, म्हातारीला ऊन लागलं. बाप्ये पुढे सरकले. इतकी वर्षं त्यांनी दगडापाशी उभं राहून ऐकलं होतं की म्हस्कू थेट उतरला. शंभर जणांनी शंभरदा सांगितलेलं एक बाई एकदा खोटं म्हणते, तर कोण ऐकणार? त्यांचा दोष नाही. मीही ऐकलं नसतं.

सगुणेला हे दिसलं. तिनं आणखी एक शब्द खर्च केला नाही. वळली, उतार उतरली आणि काठावर चालू लागली.

पापुद्रा धरत होता. पाच पावलं, आठ पावलं, दहा. वर कुणीतरी म्हणालं, "बगा, धरतंय की." धुळानं पुन्हा हात वर केला. बाराव्या पावलाला ती गुडघ्यापर्यंत गेली. दुसरा पाय सोडवायला गेली तर कमरेपर्यंत. आवाजसुद्धा झाला नाही म्हणे.

धुळा धावत सुटला. सगुणेनं काठी त्याच्या छातीच्या रोखानं धरली.

"तितंच ऱ्हा. येसबा असाच आला व्हता."

तो थांबला. आईपासून दहा हातांवर थांबणं काय असतं, त्याचं त्याला माहीत. तेवढ्यात मागं मेंढरं कुत्र्यांची फळी फोडू लागली. हाताशी जाळी एकच होती, जिनं आम्ही मेंढरांना कोंडतो ती वाघर. बाकीच्या वाघरी घोड्यांवर, लांब मागे. वाघर टाकून आईला ओढावं, तर मेंढरं तिच्या अंगावरून गाळात जाणार आणि ती धरायला धावणारी माणसंही. गाळातूनच सगुणा ओरडली, "वाघर मेंढरांस्नी लावा."

वाघर खिंडीच्या तोंडाला ताणली गेली. बायका तिला अंग लावून उभ्या राहिल्या. आणि बाप्यांनी डोईची पागोटी सोडली. लग्नात, मयतीत, देवापुढेसुद्धा जी उतरली नव्हती, ती गाठी मारून एकमेकांना जोडली. तोवर गाळ तिच्या काखेला लागला होता. पहिल्यांदा टोक लांब पडलं, दुसऱ्यांदाही लांब पडलं. तिसऱ्यांदा तिनं काठीनं ओढून घेतलं. तेरा जणांनी पोटावर पडून तिला बाहेर काढलं. मग वळसा घालून मेंढरं खडकाच्या काठावर नेली आणि ती प्याली. त्या दिवशी एक कोकरूसुद्धा गेलं नाही.

धुळाही गेला नाही. पण सगुणेचा विश्वास बसेना. वाडा परत वस्तीवर येईपर्यंत ती रोज सकाळी त्याचं कपाळ चाचपून बघायची. आण कधी वसूल होते, याचा काही नेम नसतो, असं म्हणायची.

पाऊस झाला, गवत आलं, दिवाळी गेली. दगडापाशी जमायचा दिवस आला. म्हस्कूच्या दगडापाशी सगुणा पुढे झाली आणि म्हणाली, आज मी सांगणार. वडीलधारे आडवे आले. खिंडीत बोललीस ते खिंडीत राहू दे. राही म्हातारी इथं बसली आहे, तिला आता दिसत नाही पण ऐकू येतं. या वयात तिला मारतेस का?

तेव्हा राही खालूनच म्हणाली, "बोलू दे तिला. मला ठावं हाय."

आडवे आलेले मागे सरकले.

"येसबाचं घोंगडं तुमी आणून दिलं, त्ये म्या धुतलं. तीनदा पानी बदललं तवा गाळ निघाला त्यातनं. तापाच्या मानसाच्या घोंगड्याला गाळ कुटनं येतोय?"

सगुणा तिच्यापुढे खालीच बसली. "मग आत्याबाई, इचारलं का न्हाई?"

"म्हस्कूचं तोंड बगितलं. इचारलं असतं तर त्योबी गेला असता. म्हनलं, त्याला वाटतंय मला ठावं न्हाई, तर वाटू दे." मग ती म्हणाली, "अकरा वर्सं झाली. माझं लेकरू कसं गेलं, त्ये एकदा कुनीतरी मला सांगा."

म्हातारीला वाचवायला सगळ्यांनी तोंडं शिवली होती आणि म्हातारीनं त्यांना वाचवायला आपलं शिवलं होतं. त्यापायी एक वाडा गाळाच्या काठापर्यंत गेला. याहून मोठा मूर्खपणा मला ठाऊक नाही, आणि याहून मोठी मायासुद्धा ठाऊक नाही.

सगुणेनं मग दगडाकडे पाठ केली आणि सासूकडे तोंड करून सगळं सांगितलं. येसबा म्हणाला होता, काठ बघून येतो. म्हस्कूनं ऐकलं नाही. येसबा धावला. किती वेळ वर होता. शेवटी काय ओरडला. राहीनं मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही. ही पहिली सांगणी. म्हस्कूचं चांगलंही सांगितलं, कारण तेही खरंच होतं, पाणी त्यानंच शोधलं होतं. पुढे सगुणा गेली तेव्हा तिच्या दगडापाशी धुळानं सांगितलं की माझी आई गाळात उतरली, आणि तिची चूक ही की ती अकरा वर्षं गप्प राहिली. सांगताना तो रडला, पण त्यानं चूक गाळली नाही.

आजही सांगणारा दगडाकडे पाठ करतो आणि गेलेल्याचं जे सगळ्यांत जवळचं माणूस असेल, त्याच्याकडे तोंड करून बोलतो. दगडाला सांगणं सोपं असतं हो.

तुम्ही मघापासून त्या शेवटच्या दगडाकडे बघताय. तो माझ्या थोरल्या मुलाचा, बिराचा. तीन वर्षं झाली. त्याच्या पहिल्या सांगणीला मला पुढे बसवलं आणि त्याचा सोबती खंडू बोलायला उभा राहिला. म्हणाला, बिराचा गळा चांगला होता, आजारी मेंढरू खांद्यावर घेऊन तो दोन-दोन कोस चालायचा. मग म्हणाला, त्यानं पुलाखालची वाट सोडली आणि वेळ वाचवायला मेंढरं वळणावरच डांबरी रस्त्यावर घातली, ट्रक त्याला दिसलाच नाही. आणि शेवटी खंडू म्हणाला, मी त्याच्याबरोबर होतो, 'नगं' म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, मी म्हटलं नाही.

खरं सांगतो, मला त्याला मारावंसं वाटलं. उठलोसुद्धा होतो. मग परत बसलो आणि म्हणालो, "पयल्यापासनं सांग."

त्या वळणावर आता आमचा एकही वाडा रस्ता ओलांडत नाही. आणि आजही, दर वर्षी, त्या दगडापाशी आलो की खंडू माझ्यापुढे बसतो आणि पहिल्यापासून सांगतो. मी त्याला मध्ये थांबवत नाही.