सशिणीची गोधडी आणि शंभर प्रश्न

एका जंगलात बोरीच्या जाळीखाली एक सशीण राहत असे. मुलांनो, इतकी संशयी सशीण तुम्ही पाहिली नसेल. पान खायचे तर ती आधी ते उलटून बघे. ओढ्याचे पाणी प्यायचे तर वरच्या अंगाला कोण बसले आहे ते पाहून येई. गेल्या थंडीत तिचे धाकटे पिल्लू गारठून मरता मरता वाचले होते. म्हणून यंदा तिने जुन्या लुगड्यांचे सात थर लावून मोठी गोधडी मांडली. पण तिच्या पुढच्या पंजात काटा मोडलेला. हाती धावदोरा घालत बसती, तर होळी उजाडली असती. तेव्हा साठवलेल्या पोतेभर शेंगा देऊन शिवणाचे मशीन घ्यायचे तिने ठरवले.

आधी ती साळिंदराकडे गेली. त्याचे मशीन काळे आणि जड होते. "याला एकच टाका येतो, सरळ. आवाजही फार करतं," साळिंदर म्हणाला. "घरची गोधडी घेऊन या, तिच्यावर चालवून बघा, मग काय ते ठरवा." सशिणीचे कान ताठ झाले. आपल्या ताकाला कोणी आंबट म्हणत नाही. हा म्हणतो, म्हणजे ताक नासलेलेच असणार! आणि याला माझी गोधडी कशाला हवी? ठेवून घ्यायला! "बघते," असे म्हणून ती त्याच्यावर डोळा ठेवत उलट्या पावली बाहेर पडली.

मग ती कोल्ह्याकडे गेली. "या वहिनी, बसा. गवती चहा घेणार?" सशिणीने चहा हुंगला आणि बाजूला सारला. कोल्ह्याचे मशीन पांढरेशुभ्र, हलके, शंभर नक्ष्यांचे टाके घालणारे. त्याने मलमलीच्या चिंधीवर झरझर वेल काढून दाखवली.

"एवढं चांगलं आहे, तर देऊन का टाकता?"

"मला कुठे काही शिवायचं असतं, वहिनी!"

"आधी कोणाचं होतं?"

"कोणाचंच नाही. खोक्याची दोरीसुद्धा अजून नवी आहे बघा."

"मग तुम्ही हसता कशाला?"

"माझं तोंडच असं आहे."

असे शंभर प्रश्न झाले. कोल्ह्यापाशी प्रत्येकाचे उत्तर तयार होते. शेवटी सशीणच थकली. आपण काही सहज फसणाऱ्यांतल्या नाही, या आनंदात तिने शेंगांचे पोते दिले आणि मशीन घरी आणले.

घरी गोधडी सुईखाली जाईना. तिने दाबून घातली, तर तिसऱ्या थराला सुई मोडली आणि मशीन बसले ते बसलेच. ती धावत कोल्ह्याकडे गेली. तो शेंगा फोडत बसला होता. "वहिनी, तुम्ही शंभर प्रश्न विचारलेत, मी शंभर उत्तरं दिली," तो म्हणाला. "गोधडीचं कुठे विचारलंत?"

ती परतली तेव्हा हवेत गारवा उतरला होता आणि धाकटे शिंकत होते. लाज गिळून सशिणीने गोधडी उचलली आणि साळिंदराचे दार गाठले. काळे मशीन खडखडू लागले. आवाज कानठळ्या बसवणारा, पण सातही थर सुईखालून सरळ निघाले.

"भाऊ, आता माझ्याकडे द्यायला काहीच नाही हो," सशीण रडवेली होऊन म्हणाली.

"मलाही एक गोधडी शिवून द्या," साळिंदर म्हणाला. "माझ्या काट्यांपुढे एकही टिकत नाही. चांगली नऊ थरांची शिवा."

त्या थंडीत धाकटे पिल्लू पुन्हा शिंकले नाही. साळिंदराची गोधडीही झाली. मात्र "खरंच नऊ ना?" हे सशिणीने त्याला तीनदा विचारून घेतले.

तात्पर्य : शंका जरूर घ्यावी, पण तिचे उत्तर विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नये, आपल्या कामावर वस्तू चालवून पाहावी.