चौथ्या मुलखातलं पाणी

एका राजधानीत निळोपंत नावाचे शिक्षक होते. गावोगावच्या पाटलांची आणि नाईकांची मुलं त्यांच्या शाळेत शिकायला येत. मोठी झाल्यावर हीच मुलं राज्याचा कारभार बघणार, म्हणून आपला देश कसा आहे हे त्यांना ठाऊक असावं, अशी राजाची इच्छा होती. ते काम राजाने निळोपंतांकडे सोपवलं होतं.

निळोपंत शिकवत फार छान. शाळेच्या अंगणात त्यांनी मातीचा देशच रचला होता. पश्चिमेला समुद्राची किनारपट्टी, तिथे भात आणि नारळ. तिच्या पाठीशी उभा घाट, तिथे पाऊस कोसळतो पण पाणी ठरत नाही. घाटाच्या पलीकडे पठार, तिथली ज्वारी आणि तिथल्या उथळ नद्या. पठार उतरून गेलं की काळ्या मातीचा सपाट मुलूख, आणि त्याच्याही पूर्वेला दाट झाडीचा मुलूख. असे पाच मुलूख. कुठल्या मुलखात घरांची छपरं उतरती का, कुठे माणसं दुपारी घराबाहेर का पडत नाहीत, हे ते असं सांगत की मुलांना वाटे, आपणच चालून आलो.

त्यांचं सांगणं खरंही होतं, कारण तरुणपणी राजाच्या आज्ञेने ते देश पायी फिरले होते. पण पूर्ण नाही. काळ्या मातीच्या मुलखाच्या वेशीवर ते पोचले तेव्हा वैशाख होता. पायांना फोड आले होते. पुढे सहा दिवसांची वाट होती आणि सावलीला झाड नव्हतं. निळोपंतांनी वेशीवरच्या देवळात दोन दिवस काढले, येणाऱ्याजाणाऱ्यांना चार गोष्टी विचारल्या आणि लांबच्या डोंगरवाटेने वळसा घालून ते झाडीत उतरले. परत आल्यावर त्यांनी पाचही मुलूख पाहिल्याचं सांगितलं. कोणी खोदून विचारलं नाही.

एक दिवस ते मुलांना सांगत होते, "काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात नद्या आटतात. पण घाबरायचं कारण नाही. पात्रात दोन हात वाळू उकरली की पाणी लागतं."

पठारावरच्या नद्यांचं तसंच होतं. तिथेही तसंच असणार, असं ते धरून चालले होते.

सिदोजी नावाचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. तो पठारावरचा होता. वडील नव्हते, आईने वाढवलेला. त्याने विचारलं, "गुरुजी, आमच्याकडे म्हणतात, तिकडचं पाणी वेगळं असतं. तुम्ही ते प्यायला होता का?"

सगळ्या मुलांनी निळोपंतांकडे पाहिलं. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण इतकी वर्षं सांगितलेलं सगळं त्या एका शब्दाने डळमळलं असतं.

"प्यायलो होतो," निळोपंत म्हणाले. "गोड होतं."

सिदोजी समाधानाने खाली बसला.

बारा वर्षं गेली. सिदोजी पठारावरच्या एका तालुक्याचा नाईक झाला. त्याच्या कारभारात कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती. मग पठारावर लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. आधी जनावरं गेली, मग म्हातारी माणसं. पूर्वेच्या झाडीत मात्र कंदमुळं होती, वाहतं पाणी होतं आणि राजाने तिथे धान्याची कोठारं उघडली होती. तिथे जायला दोन वाटा होत्या. डोंगराकडून वीस दिवसांची आणि काळ्या मातीच्या मुलखातून सहा दिवसांची.

महिन्याभराने एक बाई राजाच्या दरबारात येऊन उभी राहिली. तिचं नाव रंगू, सिदोजीच्या तालुक्यातली. तिचे ओठ अजून फुटलेले होते. निळोपंत राजाच्या उजव्या हाताला बसले होते. त्यांच्यासमोर ती बोलू लागली.

"आम्ही दोनशे अकरा माणसं निघालो, महाराज. नाईक म्हणाले, लेकरांना वीस दिवस चालवणार नाही. जवळ दोन दिवसांचं पाणी होतं. वेशीवर एक धनगर भेटला. तो म्हणाला, पुढचं पाणी पिऊ नका, जमिनीखाली सगळं खारं आहे. नाईकांनी त्याला सांगितलं, माझे गुरुजी ते पाणी स्वतः प्यायलेत, गोड आहे."

रंगू पुढे सांगू लागली.

"तिसऱ्या दिवशी नदीचं पात्र लागलं. वाळू उकरली. पाणी लागलं, महाराज. लेकरं ओंजळी भरभरून प्यायली. तहानेच्या भरात चव कळली नाही, नंतर कळलं, ते मिठासारखं खारं आहे. जो जितकं प्यायला, त्याला तितकी जास्त तहान लागली. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. नाईकांनी आपल्या वाटचं गोडं पाणी माझ्या धाकटीला पाजलं. पाचव्या दिवशी तो धनगर गाढवांवर पखाली लादून आमच्या मागावर आला. तेव्हा आम्ही चौऱ्याहत्तर उरलो होतो."

"आणि नाईक?" राजाने विचारलं.

"ते आदल्या दिवशी गेले. माझी धाकटीही नाही राहिली."

मग प्रधान म्हणाले, "जाणत्या माणसाने सांगूनही ऐकलं नाही. गुरूंचं बोलणं अर्धवट लक्षात ठेवलं असणार. एकशे सदतीस माणसांचा जीव या उतावळेपणाने गेला."

राजाने निळोपंतांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. राजाला वाटलं, गुरूला शिष्याची लाज वाटते आहे. त्याने हुकूम दिला, की सिदोजीचं नाव नाईकांच्या यादीतून खोडावं आणि त्याच्या नावाने गावाने सुतक पाळू नये.

निळोपंत घरी आले. त्यांना अन्न जाईना. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की ओंजळी भरून पिणारी मुलं दिसत. तरी ते बोलले नाहीत. पुढचे आठ दिवस ते शाळेत जाऊन शिकवतही राहिले.

नवव्या दिवशी सिदोजीची आई, भागाई, शाळेच्या दारात आली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "गुरुजी, एवढंच विचारायला आले. सुट्टीत घरी आला की माझा सिदू जात्यापाशी बसून तुमचा धडा पाठ म्हणायचा. ऐकून ऐकून मलाही येतो. पात्रात दोन हात वाळू उकरली की पाणी लागतं. गुरुजी प्यायले होते, गोड होतं. यातलं त्याने काय चुकीचं ऐकलं?"

निळोपंत उंबऱ्यावरच बसले.

"काही नाही," ते म्हणाले. "त्याने बरोबर ऐकलं. मी तिथे गेलोच नव्हतो."

भागाईने विचारलं, "मग त्याने विचारलं तेव्हा तसं का नाही सांगितलंत?"

"मुलांसमोर लाज वाटली."

"एवढंच?" भागाई म्हणाली. तिने पदर सावरला आणि ती चालू लागली. ती रडली असती किंवा तिने शिव्या दिल्या असत्या तर निळोपंतांना बरं वाटलं असतं.

ते तसेच दरबारात गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. राजाचा चेहरा पांढरा पडला. त्याने सिदोजीचं नाव पुन्हा यादीत लिहवलं आणि गावाला सुतक पाळायला सांगितलं. निळोपंतांना तो म्हणाला, "तुम्हाला मारून त्यातलं एकही लेकरू परत येणार नाही. पण या शाळेत तुम्ही पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

निळोपंत त्या खाऱ्या मुलखाच्या वेशीवर गेले. त्यांनी त्या धनगराला शोधून काढलं आणि त्याच्या मागोमाग काळ्या मातीचा तो मुलूख पहिल्यांदा पायाखाली घातला. प्रत्येक विहीर, प्रत्येक डोह त्यांनी चाखला. चाळीस ठिकाणचं पाणी खारं निघालं, तीन ठिकाणचं गोडं. त्यांनी ते लिहून राजधानीला पाठवलं. खाऱ्या पाण्याने त्यांची प्रकृती ढासळली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ते तिथेच वारले. धनगराने त्यांना माळावर अग्नी दिला. राजधानीतून कोणी आलं नाही. भागाईला निरोप गेला तेव्हा ती दळत होती. तिने तो ऐकला आणि दळण पुढे चालू ठेवलं.

तात्पर्य: 'मला ठाऊक नाही' म्हणताना वाटणारी लाज क्षणभराची असते, पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, तर त्याची शिक्षा आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला भोगावी लागते.