इकडून टिक्क, तिकडून टिक्क

“नवी सून बोलत नाही. वायर कुरतडत नाही. दात तरी आहेत की नाही, कोण जाणे.”

सासूबाई नणंदबाईंच्या कानात म्हणाल्या. पिंपामागे लवंगी होती. लवंगीने ऐकलं.

लवंगी म्हणजे उंदरी. एवढीशी. नवी नवरी.

सासर माळ्यावर. माहेर रस्त्यापलीकडे, पिठाच्या गिरणीत. रस्त्यात मांजर. म्हणून लवंगी आईला पडद्यावर बघायची.

गिरणीतून एक वायर यायची. ती पुरायची नाही. पडद्यातून दुसरी वायर यायची. मधे एक पिटुकला जॉइंटर. इकडून टिक्क, तिकडून टिक्क. की आई दिसायची.

आज जॉइंटरच नाही. कावळेकाकूंनी नेला. पडदा काळा. आई गुडुप.

“त्यात काय,” सासूबाई म्हणाल्या. “लग्नात शेल्याला उपरण्याची गाठ मारली. झालात ना एक? वायरीलाही मारू.”

मारली. घट्ट मारली. वर हळदकुंकू वाहिलं. आई काही दिसेना.

लवंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“कावळेकाकू, कावळेकाकू, जॉइंटर द्या.
जॉइंटर लागेल, वायर जुळेल,
आई मला दिसेल.”

“काव. घरट्याला भोक आहे. भोकात तो बसवलाय. काडी आण, मग देते.”

तुरुतुरु, तुरुतुरु.

“शेवगेदादा, शेवगेदादा, काडी द्या.
काडी काकूंना, काकू देतील जॉइंटर,
जॉइंटर लागेल, वायर जुळेल,
आई मला दिसेल.”

“सळसळ. घसा सुकलाय माझा. पाणी आण, मग देतो.”

तुरुतुरु, तुरुतुरु.

“पाईपमामा, पाईपमामा, पाणी द्या.
पाणी दादांना, दादा देतील काडी,
काडी काकूंना, काकू देतील जॉइंटर,
जॉइंटर लागेल, वायर जुळेल,
आई मला दिसेल.”

“फुस्स. मी अर्धा इथे, अर्धा तिथे. पाणी मधेच सांडतं. पोकळ देठ आण, मग देतो.”

“तुमचंही माझ्यासारखंच,” लवंगी म्हणाली.

“गाठ मारून बघितली का?” मामांनी विचारलं.

“बघितली.”

तुरुतुरु, तुरुतुरु.

“पपईआत्या, पपईआत्या, देठ द्या.
देठ मामांना, मामा देतील पाणी,
पाणी दादांना, दादा देतील काडी,
काडी काकूंना, काकू देतील जॉइंटर,
जॉइंटर लागेल, वायर जुळेल,
आई मला दिसेल.”

पपईआत्या डुलल्या. डुलुक डुलुक.

“पिवळं पान झालंय एक. गळता गळत नाही. देठ तूच तोड बाई. दात आहेत ना?”

लवंगी वर चढली. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम. पान पडलं, धप्प.

देठ मामांना. इकडून खुपुक, तिकडून खुपुक.
मामांनी दिलं पाणी, झुळुझुळु.
पाणी दादांना. दादांनी दिली काडी, कट्ट.
काडी काकूंना. काकूंनी भोक बुजवलं. मग मान वळवली, जॉइंटर बघितला, अजून एकदा बघितला. आणि दिला.

तुरुतुरु, तुरुतुरु. लवंगी माळ्यावर आली. आधी गाठ सोडली. त्यालाच वेळ लागला.

इकडून टिक्क.
तिकडून टिक्क.

पडद्यावर मिशा दिसल्या. मिशांना पीठ. मग नाक. मग अख्खी आई.

“जेवलीस का?” आई म्हणाली.

“बघा,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या गाठीचा गुण.”

नणंदबाई वायरीजवळ सरकल्या. वायर हुंगली. “छान आहे गं. एकच घास घेते.” तोंड उघडलं.

लवंगीने वायरीवर पाय ठेवला. मान वर केली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“सासूबाई, नणंदबाई, दात आहेत मला. वायर सोडा. आईशी बोलतेय मी.”