फळीवरचा सामुराई

फार जुनी गोष्ट आहे. जपानच्या बेटांवर, समुद्राकाठच्या एका गावात, लाकडी फळीवर चित्रं कोरून त्यांचे छाप काढणारा एक कारागीर राहायचा. सामुराई योद्धे कोरावेत तर त्यानेच. ताणलेल्या भुवया, आवळलेले ओठ, उगारलेली तलवार. बघणारा भित्रा असला तरी छाती फुगवायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा सामुराईंच्या सैन्यात गेला. निघताना शेजारच्या चिताऱ्याने कागदावर त्याचं चित्र काढलं. अंगावर चिलखत, आणि ओठांवर आईला धीर द्यायला आणलेलं कसनुसं हसू. बिचारं पोर घाबरलं होतं.

ते परत आलंच नाही. मागे उरला तो एवढा कागद.

आई तो रोज उलगडून पाहायची. एकदा नवरा म्हणाला, "अगं, दे तो इकडे. मी कोरतो. आपला लेक घरोघरी राहील."

"पण कागद?"

"तो फळीवर चिकटवूनच कोरावं लागतं. कागद जातो, चेहरा राहतो."

चेहरा राहणार, एवढ्या भरवशावर तिने कागद दिला.

कोरता कोरता कारागिराचा हात त्या हसण्यापाशी अडला. सामुराई असा हसतो? लोक माझ्या मुलाला भित्रा म्हणतील! त्याने हसण्याची रेघ तासून काढली, ओठ आवळले, भुवया ताणल्या. हात सरावाचा, वेळ कितीसा लागणार?

छाप निघाले. गावाने वाहवा केली. त्याने एक छाप बायकोपुढे धरला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अहो, हा कोण?"

ते हसू आठवून पुन्हा कोरावं म्हणून त्याने डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांपुढेही तो फळीवरचा सामुराईच उभा राहिला.

"ढलप्या कुठे आहेत?" तो ओरडला. "त्यांना कागद चिकटलेला असेल!"

तिने चुलीकडे पाहिलं.

"सकाळी चूल मी त्यांच्यावरच पेटवली हो."

तो छाप आजही गावात घरोघरी आहे म्हणतात. त्या दोघांना मात्र आपला मुलगा पुन्हा कधी दिसला नाही.

म्हणून सांगतो, गेलेलं माणूस होतं तसंच जपावं. त्याला शूर करून दाखवायच्या हौसेत आपणच त्याला दुसऱ्यांदा मारतो.